एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली, दुखले मात्र काहीच नाही : पडद्याची धमनी बंद पडल्यावर पुढे काय करावे?

प्रश्न : कोयनाकाठ

नमस्कार. माझे वडील ६७ वर्षांचे आहेत आणि कराडजवळच्या आमच्या गावी आईसोबत राहतात. रक्तदाबाची गोळी त्यांना बरीच वर्षे चालू आहे, मधुमेह नाही, विडीचे व्यसन मात्र तरुणपणापासून होते आणि ते अलीकडेच सुटले आहे. गेल्या रविवारी सकाळी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत असताना त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर एकाएकी काळोख दाटला. डोळा दुखला नाही, लाल झाला नाही, त्यातून पाणीही आले नाही. डावा डोळा हाताने झाकून पाहिल्यावर समोर कोणीतरी हात हलवत आहे एवढेच त्यांना कळत होते, आणि कानाकडच्या बाजूला थोडा उजेड जाणवत होता. मोतीबिंदू पिकला असेल असे घरच्यांना वाटले, त्यात रविवार असल्याने जवळचा दवाखाना बंद होता, म्हणून सोमवारी संध्याकाळी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळा तपासला आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला, म्हणजे ज्यावर प्रतिमा उमटते त्या थराला, रक्त पुरवणारी मुख्य धमनी गुठळीने बंद पडल्याचे सांगितले. त्यांनी डोळ्याला बाहेरून थोडी मालिश केली, डोळ्यातला दाब उतरवणारी गोळी व थेंब दिले, आणि सवडीने एखाद्या फिजिशियनलाही दाखवून घ्या, असे सांगून घरी पाठवले.

आता दृष्टीत काहीच फरक नाही. मी पुण्यात नोकरीला आहे आणि दोन दिवसांत गावी जाणार आहे. मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. गेलेली दृष्टी परत येण्याची शक्यता किती असते? दुसऱ्या डोळ्याला असेच होऊ शकते का? आणि डोळ्याच्या आजारासाठी फिजिशियनकडे जायचे ते नेमके कशासाठी? वडील बोलून दाखवत नाहीत, पण दिवसभर एक डोळा झाकून आणि उघडून पाहत बसतात, असे आई सांगते.

प्रतिसाद : पडदातज्ज्ञ

मी नेत्रशल्यचिकित्सक असून डोळ्याच्या पडद्याच्या आजारांवर काम करतो. तुमच्या वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे येथे जे लिहितो ते या आजाराविषयीचे आहे, उपचाराचा निर्णय प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. तरीही तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी सर्वांत आधी देतो, कारण त्यात वेळ घालवणे धोक्याचे आहे. फिजिशियनकडे सवडीने जाऊ नका आणि तुम्ही गावी पोहोचेपर्यंतही थांबू नका. घरातल्या कोणाला तरी सांगून वडिलांना आजच अशा रुग्णालयात न्या, जेथे मेंदूचा एमआरआय, मानेतील धमन्यांची तपासणी आणि हृदयाची तपासणी एकाच ठिकाणी होऊ शकते. डोळ्याच्या पडद्याची धमनी बंद पडणे हा पक्षाघाताचाच एक प्रकार आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये या आजारावर जे सविस्तर निवेदन प्रसिद्ध केले, त्यातही हीच भूमिका निःसंदिग्धपणे मांडली आहे. जी गुठळी किंवा चरबीचा कण डोळ्याच्या धमनीत जाऊन अडकला, तो वाहत आला मानेतून किंवा हृदयातून, आणि त्याच वाटेने दुसरा कण मेंदूकडेही जाऊ शकतो. हा धोका पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. शरीरात कोठेही अशक्तपणा नसताना, बोलणे स्पष्ट असताना, अशा रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांच्या एमआरआयमध्ये मेंदूलाही ताज्या इजेच्या लहान खुणा आढळतात.

आता नेमके काय झाले ते सांगतो. मानेतून वर जाणारी कॅरोटिड धमनी कवटीत शिरल्यावर तिच्यापासून डोळ्याकडे जाणारी एक शाखा निघते, आणि त्या शाखेपासून पडद्याची मध्य धमनी निघते. ही धमनी नेत्रगोलाच्या मागे साधारण एक सेंटिमीटरवर दृष्टिचेतेत, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूत, शिरते. चेतेभोवतीचे आवरण ती जेथे भेदते तेथे तिचा मार्ग सर्वांत अरुंद असतो, आणि कण बहुधा तेथेच अडकतो. तिला पर्यायी वाट जवळजवळ नसते. पडद्याच्या आतल्या थरांचे रक्त थांबले की त्या पेशी सुजतात आणि एरवी पारदर्शक असलेला पडदा दुधासारखा पांढरट दिसू लागतो. मध्यबिंदूपाशी मात्र पडदा अतिशय पातळ असतो आणि त्याच्या मागच्या थराला वेगळ्या रक्तवाहिन्यांतून रक्त मिळत राहते, म्हणून तेवढाच ठिपका लालभडक उरतो. बाहुली मोठी करून पाहणाऱ्या डॉक्टरला पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा तो लाल ठिपका दिसला की निदानाबद्दल फारशी शंका राहत नाही. पहिल्या काही तासांत मात्र पडदा जवळजवळ नेहमीसारखा दिसू शकतो. अशा वेळी उजेड टाकल्यावर त्या डोळ्याची बाहुली नीट आकसत नाही ही खूण आणि पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी या स्कॅनमध्ये आतल्या थरांत दिसणारा बदल, या दोन गोष्टींचा मोठा आधार असतो.

हा आजार नवा नाही. आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५९ मध्ये हृदयाच्या आतल्या आवरणाला सूज असलेल्या एका रुग्णात त्याचे वर्णन केले, म्हणजे डोळा आणि हृदय यांचा हा संबंध पहिल्याच नोंदीत आलेला आहे. पडदा रक्ताशिवाय किती वेळ तग धरतो, हे शोधण्याचे मोठे काम सोहनसिंग हेरेह यांनी केले. ते जन्माने पंजाबचे, आणि पुढे त्यांनी बरेचसे संशोधन अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात केले. माकडांवरील त्यांच्या प्रयोगांत धमनी सुमारे ९७ मिनिटे बंद राहिली तरी पडद्याला कायमची इजा झाली नाही, तर २४० मिनिटांनंतर, म्हणजे चार तासांत, ती इजा मोठी आणि भरून न येणारी ठरली. माणसात धमनी बहुतेक वेळा पूर्ण बंद होत नाही, थोडे रक्त झिरपत राहते, म्हणून हे आकडे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण हिशेब तासांचा आहे, दिवसांचा नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जड मनाने पण स्पष्ट देतो. वडिलांची मधली, वाचण्याची दृष्टी मोठ्या प्रमाणात परत येण्याची शक्यता आता कमी आहे. पहिल्या आठवड्यात काही जणांना थोडा फरक पडतो. कानाकडच्या बाजूचा उजेड बहुधा टिकतो आणि कधी तो थोडा वाढतो. काही लोकांच्या डोळ्यात मध्यबिंदूला रक्त देणारी एक छोटी वेगळी धमनी जन्मतःच असते. त्यांची मधली दृष्टी अशा प्रसंगीही वाचते, पण वडिलांना हाताची हालचालच दिसत असेल, तर त्यांच्या बाबतीत तसे झालेले दिसत नाही. नेत्रतज्ज्ञांनी केलेली मालिश आणि दाब उतरवणारी औषधे पूर्वापार दिली जातात. त्यांनी निश्चित फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे मालिश आणखी आधी झाली असती तर दृष्टी वाचली असती, असे कोणी सांगितले तरी ते मनाला लावून घेऊ नका.

दुसऱ्या डोळ्यासाठी एक गोष्ट आजच विचारा. कानशिलांपाशी नव्याने डोके दुखते का, केस विंचरताना टाळू दुखते का, भाकरी चावताना जबडा भरून येऊन थांबावे लागते का, सकाळी खांदे आखडतात का, अलीकडे बारीक ताप किंवा वजनात घट आहे का? पन्नाशीनंतरच्या लोकांत, विशेषतः सत्तरीच्या पुढे, कानशिलाच्या धमनीला सूज येणारा एक आजार असतो. आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आढळतो, पण तो असला आणि ओळखला गेला नाही, तर दुसरा डोळा काही दिवसांत जाऊ शकतो. त्यासाठी ईएसआर आणि सीआरपी या शरीरातील सूज दाखवणाऱ्या साध्या रक्ततपासण्या आजच करून घ्या. संशय बळकट असेल, तर स्टिरॉइड लगेच सुरू करतात, बायोप्सीच्या अहवालाची वाट पाहत नाहीत.

प्रतिसाद : मेंदूविभाग

मी पक्षाघाताच्या रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत असून आमच्या बाजूने काय होते ते लिहितो.

रुग्ण आल्यावर आम्ही सर्वप्रथम रक्तदाब, साखर आणि ईसीजी पाहतो, मग मेंदूचा एमआरआय आणि मानेपासून डोक्यापर्यंतच्या धमन्यांची अँजिओग्राफी किंवा निदान मानेची डॉपलर तपासणी करतो. तुमच्या वडिलांचे वय, रक्तदाब आणि विडी पाहता पहिला संशय मानेतील कॅरोटिड धमनीवर जातो. तिच्या भिंतीवर चरबीचा थर साचतो, तो कधी तडकतो आणि त्याचे कण वर वाहत जातात. पडद्याच्या धमनीत पिवळे, चकाकणारे कण दिसतात. त्यांचे वर्णन मेयो क्लिनिकमधील रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट यांनी १९६१ मध्ये केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. ज्या बाजूचा डोळा गेला त्याच बाजूची कॅरोटिड ७० टक्क्यांहून जास्त आकसली असेल, तर ती शस्त्रक्रियेने साफ करणे किंवा तिच्यात स्टेंट घालणे याचा विचार शक्यतो दोन आठवड्यांच्या आत व्हायला हवा, कारण शस्त्रक्रियेचा फायदा उशीर होईल तसा ओसरतो. सवडीने हा शब्द मला येथे सर्वांत जास्त खटकतो तो याच कारणाने.

दुसरा उगम हृदय. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, तर वरच्या कप्प्यात रक्त साकळते आणि गुठळी होते. हे अनियमित ठोके येतात आणि जातात, त्यामुळे एका वेळच्या ईसीजीत ते सापडले नाहीत तरी ते नाहीतच असे म्हणता येत नाही. ठोके सतत टिपणारे होल्टर यंत्र लावून एक दिवस किंवा अधिक काळ नोंद घ्यावी लागते. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, झडपा पाहतो. आपल्याकडे लहानपणीच्या संधिज्वरामुळे झडप आकसलेली माणसे अजूनही बरीच सापडतात. कारण कोणते यावर औषध ठरते. मानेतील चरबी असेल तर ॲस्पिरिनसारखी गोळी आणि कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन देतात, ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करणारे वेगळे, अधिक जोरकस औषध लागते. म्हणून शेजाऱ्याला दिलेली गोळी आपल्यालाही चालेल, असे समजून घरच्या घरी काही सुरू करू नये.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनबद्दल येथे कोणी ना कोणी विचारणारच, म्हणून लिहितो. मेंदूच्या पक्षाघातात हे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देतात आणि डोळ्यासाठीही त्याच मुदतीत ते देण्याचा विचार करता येतो. लवकर उपचार मिळालेल्या रुग्णांच्या निरीक्षणांतून आशा दिसते, मात्र त्याचा पुरावा मेंदूइतका भक्कम नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईगल या युरोपीय चाचणीत ८४ रुग्णांपैकी काहींना नळी सरकवून थेट डोळ्याच्या धमनीत औषध दिले आणि इतरांना नेहमीचे उपचार केले. दृष्टी सुधारलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, म्हणजे ६० आणि ५७ टक्के निघाले, तर दुष्परिणाम औषधाच्या गटात ३७ टक्के आणि दुसऱ्या गटात ४ टक्के आढळले, त्यामुळे ती चाचणी थांबवली. पण त्या चाचणीत वीस तासांपर्यंत उशिरा आलेले रुग्णही घेतले होते, आणि हेरेह यांचे आकडे लक्षात घेतले तर एवढ्या उशिरा वाचवण्यासारखे फारसे उरलेले नसते. म्हणून त्या निकालावरून लवकर दिलेल्या औषधाबद्दल निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. तुमच्या वडिलांसाठी ती वेळ निघून गेली आहे आणि आता कोणी हे इंजेक्शन सुचवले तर ते घेऊ नका, त्यात मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका खरा आहे.

वाचणाऱ्या इतरांनी मात्र हे ध्यानात ठेवावे. एका डोळ्याची दृष्टी न दुखता एकाएकी गेली, तर चष्म्याच्या दुकानात किंवा नेत्रतज्ज्ञांच्या दुसऱ्या दिवशीच्या वेळेत अडकू नका. तोंड वाकडे झाल्यावर किंवा हात लुळा पडल्यावर जेथे जाल तेथेच जा, १०८ क्रमांकाला फोन करा, आणि शेवटचे नीट दिसत होते ते नेमके किती वाजता, हे डॉक्टरांना सांगा. बाकी सारा निर्णय त्या एका वेळेवर अवलंबून असतो.

प्रतिसाद : निवृत्त गुरुजी, अमरावती

कोयनाकाठ, तुमचे लिखाण वाचून राहवले नाही म्हणून माझा अनुभव लिहितो. मी बँकेत पैसे काढण्याची चिठ्ठी भरत होतो. रक्कम अक्षरी लिहिताना डाव्या डोळ्यावर वरून काळा पडदा हळूहळू खाली आला आणि अर्धी चिठ्ठी दिसेनाशी झाली. एक डोळा झाकला, मग दुसरा झाकला, तेव्हा दोष डाव्या डोळ्यात आहे हे कळले. चार-पाच मिनिटांत पडदा तसाच वर गेला आणि सारे पूर्ववत दिसू लागले. मी कोणाला सांगितलेही नसते, पण रोखपालाने मला कपाळाला हात लावून बसलेले पाहिले आणि माझ्या मुलाला फोन केला. मुलाने त्याच दिवशी तपासणीला नेले. डोळ्यात काहीच सापडले नाही, मानेच्या डॉपलरमध्ये मात्र डावी कॅरोटिड बरीच आकसलेली निघाली. शस्त्रक्रिया झाली, गळ्यावर एक व्रण आहे, आणि आज दोन्ही डोळ्यांनी हे लिहितो आहे.

वडिलांना विचारून पाहा, गेल्या काही महिन्यांत असे काही मिनिटांपुरते झाले होते का. आमच्या वयाची माणसे असे काही झाले तर पित्त वाढले म्हणून पाणी पिऊन झोपतात. हे दोष देण्यासाठी विचारायचे नाही. डॉक्टरांना त्या माहितीचा फार उपयोग होतो.

कोयनाकाठ यांचे उत्तर

तुम्हा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. पहिला प्रतिसाद वाचल्याबरोबर चुलतभावाला फोन केला आणि त्याने त्याच दुपारी वडिलांना सातारला नेले. ईएसआर आणि सीआरपी सामान्य आले, डोकेदुखी वगैरे काही नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या भागात एक लहानशी ताजी खूण दिसली, जिची वडिलांना काहीच जाणीव नव्हती. उजव्या कॅरोटिडमध्ये चरबीचा खडबडीत थर असून धमनी साधारण निम्मी आकसली आहे. दोन दिवस दाखल करून घेऊन गोळ्या सुरू केल्या, होल्टर लावायचे आहे, आणि शस्त्रक्रियेबद्दल रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञांचे मत घ्यायला सांगितले आहे. गुरुजी, तुमचा प्रश्न वडिलांना विचारला. दिवाळीच्या सुमारास दोनदा त्या डोळ्यासमोर धुके आल्यासारखे झाले होते, असे त्यांनी पहिल्यांदाच सांगितले.

आता दोन शंका आहेत. आमच्या नात्यातील एका बाईंच्याही पडद्याची नस बंद पडली होती, आणि डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन घेऊन त्यांना बरेच दिसू लागले. ते इंजेक्शन वडिलांना का देत नाहीत? आणि मोठ्या दाबाने प्राणवायू देणाऱ्या खोलीत बसवण्याचा उपचार एका ओळखीच्यांनी सुचवला आहे, त्यासाठी मुंबईला नेऊ का?

प्रतिसाद : पडदातज्ज्ञ

एमआरआयमध्ये खूण सापडली याचे वाईट वाटते, पण ती आता सापडली आणि औषधे सुरू झाली हे फार महत्त्वाचे आहे.

तुमच्या नातेवाईक बाईंची बहुधा शीर बंद पडली असणार, धमनी नव्हे. बोलताना आपण दोन्हीला नसच म्हणतो, आजार मात्र वेगळे आहेत. धमनी रक्त आणते आणि शीर ते परत नेते. शीर बंद पडली की रक्त मागे तुंबते, पडद्यावर जागोजागी रक्ताचे डाग पडतात आणि मध्यबिंदूला सूज येते. डोळ्यात दिलेले इंजेक्शन ती सूज उतरवते आणि म्हणून दृष्टी सुधारते. वडिलांच्या बाबतीत पेशी रक्ताअभावी मेल्या आहेत, तेथे इंजेक्शनने उतरवण्यासारखी सूजच नाही. मोठ्या दाबाच्या प्राणवायूचा विचार करायचाच असेल तर तो अगदी सुरुवातीच्या तासांत, पडद्याच्या मागच्या थरातून प्राणवायू पोहोचवून पेशी जगवण्यासाठी करतात. इतक्या दिवसांनंतर त्यासाठी मुंबईची खेप आणि खर्च करू नका, असे मी माझ्या घरच्या माणसालाही सांगेन. ते पैसे होल्टर आणि मानेच्या तपासण्यांसाठी राखून ठेवा.

एका गोष्टीसाठी मात्र नेत्रतज्ज्ञांकडे वेळच्या वेळी जायलाच हवे. रक्ताची उपासमार झालेला पडदा काही रुग्णांत नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढवणारी रसायने सोडतो. त्या वाहिन्या बाहुलीच्या कडेवर आणि डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर उगवतात, वाट बुजते आणि अतिशय वेदनादायक काचबिंदू होतो. मुख्य धमनी बंद पडलेल्या साधारण सहापैकी एका रुग्णात अशा वाहिन्या आढळतात, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. पहिले तीन-चार महिने ठरावीक अंतराने बाहुलीची कड बारकाईने तपासली, तीही थेंब घालून बाहुली मोठी करण्याआधी, तर त्या वाहिन्या वेळीच दिसतात आणि पडद्यावर लेसर करून त्यांना आवरता येते. या डोळ्याने दिसतच नाही मग दाखवायचे कशाला, असे वडील म्हणतील. त्यांना सांगा की त्या डोळ्याला पुढे वेदना होऊ नयेत म्हणून दाखवायचे आहे. मधल्या काळात डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा डोके आणि डोळा एकत्र ठणकू लागले, तर दिलेल्या तारखेची वाट पाहू नका.

पुढच्या तपासणीत पडदा पूर्ववत गुलाबी दिसतो आहे असे कोणी सांगितले तर त्यावरून आशा बांधू नका. धमनी बहुधा काही दिवसांत पुन्हा मोकळी होते आणि पांढरेपणा काही आठवड्यांत ओसरतो, पण गेलेल्या पेशी परत येत नाहीत.

प्रतिसाद : मेंदूविभाग

होल्टर टाळू नका. मानेत चरबी सापडली म्हणजे कारण सापडले, असे समजून पुष्कळदा हृदयाचा शोध अर्धवट सोडला जातो, आणि एकाच माणसात दोन्ही कारणे असू शकतात. निम्मी आकसलेली आणि त्याच बाजूला त्रास दिलेली कॅरोटिड ही शस्त्रक्रियेच्या बाबतीत सीमेवरची अवस्था आहे. थर किती खडबडीत आहे, वय, इतर आजार आणि त्या रुग्णालयातील शस्त्रक्रियेचा अनुभव पाहून तज्ज्ञ निर्णय घेतील, मात्र ही भेट याच आठवड्यात व्हावी. रक्तदाब घरी मोजून वहीत लिहून ठेवा. विडी सुटली आहे ती सुटलेलीच राहू द्या, आणि घरात इतर कोणी ओढत असेल तर त्यांनाही सांगा.

प्रतिसाद : सुरभी, ठाणे

थोडा वेगळा प्रश्न आहे. माझी मैत्रीण अवघी २९ वर्षांची आहे आणि तिलाही पडद्याच्या धमनीची एक शाखा बंद पडल्याचे सांगितले आहे. तिला ना रक्तदाब, ना मधुमेह. या वयात असे कसे होते?

प्रतिसाद : पडदातज्ज्ञ

सुरभी, तरुण वयात कारणांची यादीच बदलते. हृदयाच्या झडपेचा आजार, रक्त गोठण्याची जास्त प्रवृत्ती, मानेला हिसका बसून कॅरोटिडच्या आतल्या थराला गेलेली चीर, हे सारे शोधावे लागते. चेहरा उठावदार दिसण्यासाठी कपाळावर किंवा नाकाच्या आसपास भरावाचे इंजेक्शन घेतले होते का, हेही स्पष्ट विचारायला हवे, कारण तो भराव चुकून रक्तवाहिनीत गेला तर उलट वाहून डोळ्याच्या धमनीपर्यंत पोहोचतो. तरुण स्त्रियांमध्ये आशियात आढळणारा, मोठ्या धमन्यांना सूज येण्याचा ताकायासू आजारही डॉक्टरांच्या मनात असायला हवा. त्याचे नाव ज्यांच्यावरून पडले ते मिकितो ताकायासू जपानी नेत्रतज्ज्ञ होते आणि त्यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांत हा बदल पाहिला होता. तिचा रक्तदाब दोन्ही हातांत वेगवेगळा मोजला आहे का आणि दोन्ही मनगटांची नाडी सारखी लागते का, हे विचारा. शाखाच बंद पडली असेल तर तिच्या दृष्टीबद्दल मी तुलनेने आशावादी आहे, कारण मध्यबिंदू वाचलेल्या बहुतेक रुग्णांची वाचण्याची दृष्टी चांगली राहते. कारणाचा शोध मात्र तिच्या बाबतीतही तितक्याच तातडीने व्हायला हवा.

प्रतिसाद : एकनेत्री, कोल्हापूर

कोयनाकाठ, माझा एक डोळा अपघातात गेला त्याला बराच काळ लोटला. कारण वेगळे असले तरी वडिलांचे पुढचे दिवस कसे जातील हे थोडे सांगू शकते. सुरुवातीला वस्तू किती दूर आहे याचा अंदाज येत नाही. कपात चहा ओतताना धार बशीत पडते, म्हणून चहाच्या किटलीचे तोंड कपाच्या कडेला टेकवूनच ओतायची सवय लावावी. जिन्याच्या शेवटच्या पायरीला पांढरा रंग मारून घ्या. बाजारात उजव्या बाजूने येणारी दुचाकी त्यांना दिसणार नाही, म्हणून रस्त्यावर चालताना कोणी तरी त्यांच्या उजवीकडून चालावे, आणि त्यांनी मान पूर्ण वळवून पाहण्याचा सराव करावा. मेंदू काही महिन्यांत बरेच जुळवून घेतो. गाडी चालवण्याचा विचार मात्र डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करू देऊ नका. उरलेल्या डोळ्यासाठी न फुटणाऱ्या काचेचा चष्मा करून घ्या, नंबर नसला तरी, आणि शेतात, विशेषतः उसाच्या पाल्यात जाताना तो घालायला लावा.

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुढे कोणी ना कोणी सुचवेल. दुसऱ्या डोळ्याची दृष्टी चांगली असेल तर सध्याच्या नियमांत एक डोळा गेल्याचे अपंगत्व ३० टक्के धरतात, आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. तेवढ्यासाठी वडिलांना या दिवसांत जिल्ह्याच्या रुग्णालयात रांगेत उभे करू नका. आधी होल्टर आणि मानेच्या तज्ज्ञांची भेट होऊ द्या.